शिट्टी नक्की कशावर? ट्रॅव्हल, डबल आणि 'शून्य पाऊल'

निळाई

मुलींच्या बास्केटबॉल संघाबरोबर मी स्कोअरशीट लिहायला बसते. खेळ जवळून दिसतो, पण काही शिट्ट्या का वाजल्या आणि काही का वाजल्या नाहीत, हे सामना संपल्यावरही उलगडत नाही. मुली मला विचारतात आणि त्यांना अर्धवट उत्तर द्यायला मला आवडत नाही. म्हणून इथे विचारतेय. एकाच सामन्यातले तीन प्रसंग:

(अ) आमची मुलगी पळत होती. पास हातात आला तेव्हा तिचा डावा पाय जमिनीवर होता. मग उजवा, मग परत डावा आणि लेअप (पळत जाऊन टोपलीजवळून टाकलेला शॉट). शिट्टी. ट्रॅव्हल, म्हणजे चेंडू हातात घेऊन जास्त पावलं टाकल्याची चूक.

(आ) समोरच्या मुलीने तसाच पळता पळता पास घेतला, डावा पाय जमिनीवर असताना. उजवा टाकला, डावा टाकला आणि मग ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) सुरू केलं. खेळ चालू.

(इ) आमच्या मुलीचं ड्रिबल संपलं होतं. दोघी जणी अंगावर आल्या. तिने पास दिला, पण जिला दिला ती भलतीकडेच बघत होती. चेंडूने एक टप्पा घेतला आणि आमच्याच मुलीने धावत जाऊन तो उचलला. शिट्टी. एका पंचाने मुठी फिरवल्या, दुसऱ्याने हवेत थापट्या मारल्यासारखी खूण केली. चेंडू गेला समोरच्यांकडे.

तिन्हीत बरोबर काय व्हायला हवं होतं? आणि 'दोन पावलं' मोजायची, ती कुठून?

---

रिंगमास्तर

(अ) डावा-उजवा-डावा. तीन झाली. ट्रॅव्हल. विषय संपला.

---

फुटवर्क

विषय आत्ता कुठे सुरू झालाय, मास्तर :)

१ ऑक्टोबर २०१७ पासून फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमात पहिलं पाऊल कुठून धरायचं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. चेंडूवर ताबा मिळाल्यानंतर जो पाय जमिनीला लागतो, ते पहिलं पाऊल. ताबा मिळताना जो पाय आधीच खाली आहे तो मोजायचा नाही. त्यालाच सगळे 'शून्य पाऊल' म्हणतात. म्हणजे (अ) मध्ये डावा शून्य, उजवा एक, डावा दोन, चेंडू सुटला. कायदेशीर.

---

परतपास

हीच तर पळवाट. शून्य म्हणा की आणखी काही, चेंडू हातात असताना पाय तीनदा जमिनीला लागलाच ना? आम्ही खेळायचो तेव्हा पास घेताना खाली असलेला पाय पिव्होट (जागा न सोडता ज्यावर फिरायचं तो पाय) धरायचे आणि त्यावरच पुढचं सगळं ठरायचं. शिस्त होती. आता अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये चालतं म्हणून सगळीकडे चालवून घेतात. बचाव करणाऱ्याने काय करायचं?

---

जुनी_शिट्टी

निळाईताई, प्रश्न फार चांगले मांडलेत. पाय कुठला, चेंडू कधी, हे दोन्ही लिहिलंत म्हणून उत्तर देता येतं. बहुतेक वेळा लोक फक्त पाय सांगतात.

बरीच वर्षं पंचगिरी केली आहे, त्यावरून सांगतो. ट्रॅव्हल बघायचा तर नजर आधी हातावर, मग पायांवर. 'किती पावलं' हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, 'ताबा कधी आला'. नवीन पंच सुरुवातीपासून पायांकडे बघत बसतो, त्यामुळे पावलं बरोबर मोजतो पण चुकीच्या जागेपासून मोजतो.

ताबा म्हणजे काय? पास घेताना चेंडू हातात स्थिरावला, तो क्षण. ड्रिबल करत असाल तर दोन्ही हात एकाच वेळी चेंडूला लागले किंवा चेंडू एका हातावर किंवा दोन्ही हातांत विसावला, तो क्षण. तिथे ड्रिबल संपलं. नुसतं बोट लागणं म्हणजे ताबा नव्हे.

(अ) फुटवर्क म्हणतात ते बरोबर. शिट्टी वाजायला नको होती.

(आ) इथे वाजायला हवी होती. पळताना पास घेतला तर थांबायला, पास द्यायला किंवा शॉट मारायला दोन पावलं मिळतात. पण ड्रिबल सुरू करायचं असेल तर दुसरं पाऊल पडायच्या आत चेंडू हातातून सुटायला हवा. तिने उजवा (एक), डावा (दोन) टाकून मग चेंडू सोडला. ट्रॅव्हल.

ही तफावत लक्षात ठेवा. लेअपसाठी जी दोन पावलं चालतात, ती ड्रिबल सुरू करण्यासाठी चालत नाहीत. पुष्कळ खेळाडूंना आणि काही प्रशिक्षकांनाही हे माहीत नसतं.

(इ) वर सवडीने लिहितो, त्यात गुंता आहे.

---

थेट_टोपलीत

म्हणजे दोन्ही चुकीचे निर्णय निळाईताईंच्याच संघाविरुद्ध. बरोबरीसुद्धा झाली नाही :D

---

निळाई

जुनी शिट्टी सर, मनापासून आभार. (आ) चं उत्तर वाचून मी चाटच पडले. माझ्या डोक्यात 'दोन पावलं म्हणजे दोन पावलं' एवढंच होतं.

एक उपप्रश्न. उभं राहून पास घेतला तरी हे शून्य पाऊल मिळतं का? आमच्या काही मुली तसं समजतात.

---

फुटवर्क

नाही! हे ठळक अक्षरांत लिहायला हवं. शून्य पाऊल फक्त चालत्या खेळाडूला. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभ्या असताना चेंडू आला, तर जो पाय पहिला उचलाल त्याच्या उलटा पाय पिव्होट. मग ड्रिबल सुरू करायचं असेल तर पिव्होट पाय उचलायच्या आधी चेंडू हातातून सुटलाच पाहिजे.

---

वैदेही_के

+१ फुटवर्क. मी लहान मुलांना शिकवते. त्यांच्यात सगळ्यात जास्त ट्रॅव्हल होतो तो इथेच, लेअपमध्ये नाही. मूल उभं असतं, समोरच्याला हुलकावणी देऊन उजवीकडून निघायचं असतं. उजवा पाय पुढे टाकतं, अंग पुढे झुकतं आणि चेंडू अजून कमरेजवळ दोन्ही हातांतच. तेवढ्यात मागच्या डाव्या पायाची टाच उठते, चवडा उठतो, अंगठा सुटतो. आणि मग चेंडू खाली. अंगठा सुटला आणि चेंडू हातात राहिला, त्या निमिषात ट्रॅव्हल झालेला असतो. दिसायला ते अगदी सहज, वेगवान दिसतं, म्हणून प्रेक्षकांना शिट्टी अन्यायाची वाटते.

मी मुलांना सांगते: पुढचा पाय टेकतानाच चेंडू हाताबाहेर. चेंडू पायाच्या बाजूला, थोडा पुढे टाकायचा. जवळ टाकला की मागचा पाय आपोआप आधी उठतो.

टाच उचलण्यात काही गैर नाही, हेही सांगून ठेवते. चवड्यावर कितीही गोल फिरा, जागा सोडू नका. चवडा घसरत पुढे गेला की मात्र गेलं.

---

परतपास

वैदेहीताईंचं पटलं. उभ्या सुरुवातीच्या बाबतीत नियम अजून कडक आहे याचं समाधान आहे.

पण शून्य पावलावर माझा आक्षेप कायम. वेगात पळणाऱ्याच्या हातात चेंडू कधी 'स्थिरावला' हे पंचाने डोळ्यांनी कसं ठरवायचं? पूर्वी निदान पाय दिसायचा.

---

जुनी_शिट्टी

परतपास, आक्षेप रास्त आहे, पण एक बघा. पूर्वीही पाय कधीपासून मोजायचा हे चेंडू हातात येण्यावरूनच ठरायचं. पास हातात आला तेव्हा पाय खाली होता की हवेत, हे तेव्हाही डोळ्यांनीच ठरवावं लागे. पळणारा खेळाडू, खाली येणारा पाय आणि येणारा चेंडू यांच्यात जेमतेम एका पापणीचं अंतर. दोन पंच दोन बाजूंनी वेगवेगळं बघायचे आणि एकाच हालचालीवर वेगवेगळा निर्णय द्यायचे. आता तो एक पाय हिशेबातून बाहेर काढल्याने निदान सगळे एकाच जागेपासून मोजतात.

बचावाचं म्हणाल तर ड्रिबल संपल्यावर पिव्होटवर उभ्या असलेल्या खेळाडूला जवळून, म्हणजे एक मीटरच्या आत, पहारा दिला तर पाच सेकंदांत त्याला पास द्यावा किंवा शॉट मारावाच लागतो. हे हत्यार मोठं आहे. निळाईताईंच्या (इ) मध्ये मुलगी घाबरली ती त्यामुळेच असणार.

---

सेंटरकोर्ट

एनबीएचा मुद्दा आलाच आहे म्हणून. लोक म्हणतात तिथे ट्रॅव्हल बघतच नाहीत. तसं नाही. तिथल्या पुस्तकात पूर्वी 'दोनच्या ठेक्यात' थांबायची मुभा अशी मोघम भाषा होती. २००९ मध्ये ती बदलून ताबा घेतल्यानंतर दोन पावलं, असं सरळ लिहिलं. २०१९-२० च्या हंगामाआधी ताबा म्हणजे काय, तेही आणखी स्पष्ट केलं. म्हणजे तिथे आधी मैदानावर सवय पडली, मग पुस्तक तिच्यामागे आलं.

त्या २००९ च्याच जानेवारीत लेब्रॉन जेम्सवर वॉशिंग्टन विझार्ड्सविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत ट्रॅव्हल दिला होता. त्याचं म्हणणं, ही माझी 'क्रॅब ड्रिबल' आहे, कायदेशीर आहे. तेव्हा यावर रान उठलं होतं.

युरोस्टेपही तसाच. शारुनास मार्चुलोनिस याने तो एनबीएत नेला आणि मानू जिनोबिलीने घराघरांत पोचवला. एक पाऊल एका बाजूला, दुसरं विरुद्ध बाजूला. दोनच पावलं असतात, पण दिशा बदलते म्हणून बघणाऱ्याला तीन वाटतात.

---

रिंगमास्तर

हे मात्र खरं. दिशा बदलली की डोळा फसतो. एवढ्यावर मी (अ) बद्दलचं मत बदलत नाही, पण पुढच्या वेळी हाताकडे बघून मोजीन.

---

डावखुरा

माझ्या डोक्यात कधीपासूनचे काही प्रश्न, जाणकारांनी हो-नाही सांगा:

१. ड्रिबल करताना दोन टप्प्यांमध्ये किती पावलं टाकता येतात?
२. टप्पा खांद्याच्या वर गेला तर चूक?
३. चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात उडवत राहिलं तर ड्रिबल धरतात का?
४. स्वतःच बोर्डवर चेंडू आपटून परत घेतला तर?
५. शॉट मारला, कशालाच न लागता खाली आला आणि मीच पकडला तर?

---

फुटवर्क

१. हवी तेवढी. चेंडू हाताला लागलेला नसताना पावलांवर बंधन नाही. लांब टप्पा टाकून चार-पाच पावलं पळत जाणारे वेगवान खेळाडू म्हणूनच कायदेशीर असतात.
२. उंचीचा नियमच नाही. बघायचं ते हात चेंडूखाली जाऊन चेंडू विसावला का, एवढंच. विसावला आणि मग पुन्हा टप्पा टाकला तर कॅरी. पंच तळवा अर्धा फिरवून दाखवतात ती खूण याची.
३. नाही. जमिनीला लागायच्या आत हातात विसावला तर ते ड्रिबल नाही. पाय मात्र सांभाळा.
४. फिबात चालतं, ते ड्रिबलही धरत नाहीत.
५. फिबात खरोखरचा शॉट असेल तर चालतं. एनबीएत नाही, तिथे चेंडू बोर्डला, रिंगला किंवा दुसऱ्या खेळाडूला लागल्याशिवाय मारणाऱ्याने पहिला हात लावायचा नाही.

---

थेट_टोपलीत

पाचवं वाचून जिवात जीव आला. माझे निम्मे शॉट त्या प्रकारातच मोडतात, निदान परत तरी घेता येतील :))

---

पानगळ

अवांतर आहे, पण राहवत नाही.

या खेळाचा जन्मच चेंडू घेऊन पळायचं नाही या अटीवर झाला. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ यांनी १३ नियम लिहिले, १५ जानेवारी १८९२ ला ते छापून आले. तिसरा नियम असा की खेळाडूने चेंडू घेऊन पळू नये, जिथे पकडला तिथूनच फेकावा. आणि लगेच पुढे सूट: वेगात पळताना पकडला असेल आणि तो थांबायचा प्रयत्न करत असेल तर थोडी मुभा द्यावी.

म्हणजे पळणाऱ्याला मुभा पहिल्या दिवसापासूनच होती. किती ते लिहिलेलं नव्हतं. पुढच्या सव्वाशे वर्षांत त्या 'थोडी'चा हिशेब लावत लावत आपण शून्य-एक-दोनपर्यंत आलो. परतपास, तुम्ही ज्याला पळवाट म्हणता ती मूळ दस्तऐवजातच आहे :)

आणि त्या १३ नियमांत ड्रिबल नाहीच. चेंडू पुढे नेण्याचा रस्ता एकच, पास. अडकलेल्या खेळाडूंनी चेंडू जमिनीवर टाकून स्वतःच परत घ्यायला सुरुवात केली आणि त्यातून ड्रिबल उभं राहिलं. निळाईताईंच्या (इ) मधल्या मुलीने केलं ते जवळपास तेच.

---

परतपास

पानगळ, नमस्कार घ्या. तिसरा नियम आम्हाला शिकवताना पहिल्या अर्ध्यावरच थांबले असावेत.

---

चाकांवर

मी व्हीलचेअर बास्केटबॉल खेळतो. आमच्याकडे हा सगळा वाद दुसऱ्या रूपात आहे, म्हणून लिहितो.

आमचं पाऊल म्हणजे चाकाला दिलेला रेटा. चेंडू मांडीवर किंवा हातात असताना चाकं दोनदा रेटता येतात. तिसऱ्यांदा रेटायच्या आत टप्पा टाका, पास द्या किंवा शॉट मारा. नाहीतर ट्रॅव्हल. टप्पा टाकला की पुन्हा दोन रेटे. आणि डबल (संपलेलं ड्रिबल पुन्हा सुरू करण्याची चूक) आमच्यात नाहीच. टप्पा टाकला, मांडीवर ठेवला, रेटलं, परत टप्पा टाकला, सगळं चालतं.

चांगला खेळाडू एका रेट्यात किती लांब जातो यावर खेळ फिरतो. जोरात एक रेटा देऊन खुर्ची वाहू द्यायची, दुसरा रेटा राखून ठेवायचा. समोरचा बचावाला आला की तो वापरायचा. उभ्याने खेळणारे पहिल्यांदा खुर्चीत बसतात तेव्हा दोन्ही रेटे लगेच उडवून मोकळे होतात.

---

वैदेही_के

चाकांवर, वा! राखून ठेवायचा रेटा ही कल्पना मी मुलांना ड्रिबलसाठी सांगत असते. चेंडू मिळाला की लगेच एक टप्पा टाकून बसतात, विचार न करता, आणि ड्रिबल वाया. मग अडकले की फक्त पास उरतो.

---

जुनी_शिट्टी

आता (इ).

ड्रिबलची व्याख्या आधी बघू. ताबा असलेला खेळाडू चेंडू जमिनीवर आपटतो, फेकतो, थापटतो किंवा घरंगळत सोडतो आणि दुसऱ्या कोणाला लागायच्या आत पुन्हा स्वतः हात लावतो, ते ड्रिबल. व्याख्येत 'पास देत होते' याला जागा नाही. चेंडू हातातून गेला, जमिनीला लागला, मध्ये कोणी शिवलं नाही, परत त्याच हाताला लागला. झालं ड्रिबल.

त्या मुलीचं एक ड्रिबल आधीच संपलेलं होतं. तेव्हा:

तिने पास म्हणून फेकला, टप्पा पडला, कोणाचाच हात लागला नाही, तिनेच उचलला: दुसरं ड्रिबल. डबल. थापट्यांची खूण करणारा पंच बरोबर.

मध्ये कोणाचाही हात लागला, आपल्या संघातल्या मुलीचा किंवा समोरच्या: काहीच चूक नाही. उचलून ती नव्याने ड्रिबलसुद्धा करू शकते.

पास दिलाच नाही, चेंडू हातातून निसटला: याला फंबल म्हणतात. उचलायला हरकत नाही, पण कोणाला शिवला नसेल तर नवं ड्रिबल नाही. तिथून फक्त पास किंवा शॉट.

मुठी फिरवण्याची खूण, म्हणजे ट्रॅव्हल, इथे लागू कधी झाली असती? तिने हवेत फेकून, टप्पा पडायच्या आत, पळत जाऊन स्वतःच झेलला असता तर. टप्पा पडला असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे तो प्रश्न नाही.

परिणाम दोन्ही खुणांचा सारखाच. फाउल नाही, फ्री थ्रो नाही, समोरच्या संघाला सर्वांत जवळच्या जागेवरून थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू आत टाकणं). त्यामुळे सामन्यात कोणी भांडत नाही. पण खेळाडूला काय चुकलं ते कळायला खूण नेमकी हवी, या मताचा मी आहे. 'ट्रॅव्हल' ऐकलेली मुलगी घरी जाऊन पायांचा विचार करत बसते, चूक मात्र हाताची असते.

---

परतपास

फंबल की पास हे पंच कसं ओळखणार? सगळेच म्हणतील निसटला.

---

जुनी_शिट्टी

हातांवरून. पास देताना कोपरं सरळ होतात, मनगटं झटक्याने पुढे वळतात, चेंडूला दिशा आणि जोर असतो. निसटलेला चेंडू अंगाजवळ पडतो, हात वाकलेलेच राहतात आणि खेळाडूची नजर आधी खाली जाते. शंभर टक्के नाही, पण बहुतेक वेळा कळतं.

---

मोकळा_विंगर

सगळा धागा वाचून काढला, सुरेख चाललाय. माझा रोजचा त्रास सांगतो. उडी मारून पास द्यायला जातो, वर गेल्यावर कोणीच मोकळं दिसत नाही. खाली येताना चेंडू हातात असेल तर ट्रॅव्हल, हे पाठ झालंय. पण ड्रिबल शिल्लक असेल तर हवेतच चेंडू खाली टाकून, टप्पा घेऊन परत पकडला तर चालेल ना? आमच्याकडे यावर दोन तट पडलेत.

---

फुटवर्क

उभ्याने उडी मारली असेल तर नाही चालणार. ड्रिबल सुरू करताना पिव्होट पाय जमिनीवर हवा, तुमचे दोन्ही हवेत. परत हात लावलात की ट्रॅव्हल. टाकून तसाच सोडून द्या आणि दुसऱ्या कोणाला घेऊ द्या, मग ठीक. तो पासच झाला.

पास किंवा शॉटसाठी पिव्होट पाय उचलायला मात्र बंदी नाही. चेंडू सुटेपर्यंत तो खाली टेकवायचा नाही, इतकंच. पोस्टमध्ये (टोपलीजवळ) हुलकावणी देऊन मोकळा पाय पलीकडे टाकायचा, पिव्होट उचलून त्या मोकळ्या पायावरून शॉट घ्यायचा, हे पूर्ण कायदेशीर आहे आणि दर सामन्यात कोणीतरी 'ट्रॅव्हल!' म्हणून ओरडतंच.

---

मोकळा_विंगर

आणि वर असताना बचावाच्या खेळाडूने चेंडूवर घट्ट हात रोवला, आणि मी तसाच खाली आलो तर?

---

जुनी_शिट्टी

दोघांचे हात घट्ट असतील तर हेल्ड बॉल. ट्रॅव्हल नाही. टेबलावरच्या, पाळी कोणाची ते दाखवणाऱ्या बाणाची दिशा ज्या संघाकडे, त्यांचा चेंडू. नुसता हात चाटून गेला आणि चेंडू तुमच्याच ताब्यात राहिला, तर मात्र खाली आलात की ट्रॅव्हल.

---

निळाई

(इ) बद्दल नवी माहिती आहे. एका पालकांनी चित्रण केलं होतं, ते आज बघायला मिळालं. संथ गतीने अनेकदा बघितलं.

पास दिला तेव्हा तिची कोपरं पूर्ण सरळ झालीत, म्हणजे फंबल नाही. चेंडू छातीच्या उंचीवरून निघाला आणि मागे फिरत होता, शिवणीच्या काळ्या रेषा स्पष्ट फिरताना दिसतात. समोरच्या मुलीचा डावा हात वर होता. त्या हाताजवळून गेल्यावर रेषांचं फिरणं जवळपास थांबतं आणि चेंडू आधीच्या वाटेपेक्षा किंचित खाली झुकतो. मग टप्पा. हात हललेला दिसत नाही, पण मधल्या बोटाचं टोक मागे वाकल्यासारखं वाटतं.

---

रिंगमास्तर

फिरकी थांबली म्हणजे बोट लागलंच. हवेत चेंडू आपणहून फिरायचा थांबत नाही.

---

सेंटरकोर्ट

+१. मग तर खेळ चालू राहायला हवा होता. वर ती नवीन ड्रिबलही करू शकली असती!

---

जुनी_शिट्टी

तुम्ही लिहिलंय तसं असेल तर बोट लागलं असंच मीही म्हणेन आणि मग उल्लंघन नाही. पण त्या पंचांना दोष द्यायला मी तयार नाही. डबलची खूण करणारा कुठे उभा होता? पास देणारीच्या पाठीमागे असेल तर बचावाचा हात त्याला तिच्या अंगाआड होता. त्याने जे बघितलं त्यावर डबल हाच योग्य निर्णय. बाजूने बघणाऱ्याला बोट दिसायची शक्यता जास्त, आणि त्यानेच मुठी फिरवल्या, म्हणजे तो पाय बघत होता. दोघांच्या दोन खुणा आल्या तेव्हा क्षणभर एकत्र येऊन 'तू काय पाहिलंस' एवढं विचारायला हवं होतं. खेळ थांबलेलाच असतो, त्यात कमीपणा काही नाही.

---

निळाई

हे पटलं, सर. मुठी फिरवणारा पंच बाजूलाच होता, स्कोअर टेबलाच्या समोर. मुलीला एवढं सांगता येईल की तिने चेंडू उचलला ते योग्यच केलं.

पुढच्या वेळी असं झालं तर तिथल्या तिथे विचारायचं कोणी? मी टेबलावर असते, मला बोलणं बरं दिसत नाही.

---

फुटवर्क

कर्णधाराने. चेंडू मृत आणि घड्याळ थांबलेलं असताना कर्णधार पंचांशी सभ्यपणे बोलून माहिती विचारू शकते. 'सर, ट्रॅव्हल की डबल?' एवढंच. वाद घालायचा नाही. तुमच्या कर्णधाराला हा हक्क आहे, हे तिला माहीत असू द्या.

---

वैदेही_के

आमच्या मुलांसाठी मी एक सराव घेते. कोणाला वापरायचा तर वापरा. जोड्या करायच्या. एक पळत पास घेतो, दुसरा बाजूला उभा राहून मोठ्याने बोलतो: चेंडू हातात स्थिरावला की 'हात', मग पडणाऱ्या प्रत्येक पावलाला 'एक', 'दोन'. 'हात' म्हणायच्या आधी कितीही पाय पडू देत, तोंड उघडायचं नाही. सुरुवातीला सगळे 'हात' उशिरा म्हणतात. थोड्या दिवसांत नजर बसते आणि खेळणाऱ्यापेक्षा बोलणाऱ्याचाच जास्त फायदा होतो.

ड्रिबल सुरू करायचा सराव असेल तर 'दोन' हा शब्द ऐकू यायच्या आत चेंडू जमिनीकडे निघालेला हवा. (आ) चं उत्तर त्यात आपोआप येतं.

---

परतपास

वैदेहीताई, हा सराव करून बघतो आमच्या मुलांबरोबर. शून्य पाऊल मला अजून आवडलेलं नाही, पण शिकवायचं तर नीट शिकवायला हवं.

---

नवा_कोरा

उशिरा आलो. जंप स्टॉपचं कोणी सांगेल का? ड्रिबल संपवून एका पायावरून उडी घेऊन दोन्ही पायांवर एकदम उतरलो. त्यानंतर पिव्होट करता येतो की नाही? दोघा प्रशिक्षकांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

---

फुटवर्क

दोघंही बरोबर असतील, प्रश्न वेगळे विचारले असतील.

चेंडू हातात आला तेव्हा एक पाय खाली होता (शून्य), तिथून उडून दोन्ही पायांवर एकदम उतरलात, तर ते पहिलं पाऊल. कुठल्याही पायावर पिव्होट करा. हवेत असताना चेंडू घेऊन दोन्ही पायांवर उतरलात तरी तेच.

पण ताबा आल्यानंतर एक पाय टेकला (एक), त्यावरून उडी मारून दोन्हीवर उतरलात (दोन), तर पिव्होट संपला. पाय उचललात तर तो परत टेकायच्या आत पास किंवा शॉट सुटायला हवा.

---

नवा_कोरा

म्हणजे परत तेच, चेंडू हातात कधी आला त्यावर. धन्यवाद! आता स्पिन मूव्हवर वेगळा धागा काढतो, त्यात आमच्याकडे तीन तट आहेत.

---

थेट_टोपलीत

काढा, काढा. मास्तरांना आधी कळवा म्हणजे 'विषय संपला' म्हणायला वेळेवर हजर राहतील :)